गिटारीचें ‘वा-पेडल’ : निवड कशी करावी?

गाण्याची बैठक रंगांत आलेली असते. गायक एखाद्या अवघड तानेंतून सहज उतरून समेवर येतो आणि समोर बसलेल्या जाणत्या श्रोत्याच्या तोंडून नकळत ‘वा!’ असा उद्गार बाहेर पडतो. हा उद्गार श्रोत्यानें काढावयाचा असतो, वाद्यानें नव्हे, अशीच जुनी रीत आहे. परंतु विद्युत्-गिटारीच्या जगांत असें एक साधन आहे कीं, ज्याच्या योगानें वाद्य स्वतःच ‘वा’ असा उच्चार करूं लागतें. ह्या साधनाला ‘वा-पेडल’ असेंच म्हणतात. दिसावयास तें शिवणयंत्राच्या पायडलाची लहानशी प्रतिकृति भासतें. वीतभराहून थोडें लांब, जड धातूचें, आणि पावलाखालीं टाचेकडून चवड्याकडे झुलणारें. गिटारीची तार छेडून पाऊल पुढें झुकविलें कीं, तोच सूर मिटल्या ओठांतून उघड्या तोंडांत यावा तसा ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत उमलत जातो. असें पेडल घेण्याची इच्छा घरांतील मुलानें किंवा मुलीनें बोलून दाखविली, तर त्याची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

नांदेड आणि लातूर ह्या मराठवाड्यांतील दोन शहरांत संगीताची उणीव नाहीं. नांदेडला गोदावरीच्या तीरीं सचखंड श्रीहुजूरसाहिबांत नित्य कीर्तन चालतें. लातूरहून तुळजापूर फारसें दूर नाहीं, आणि त्या वाटेवरच्या गांवांना गोंधळ्यांचें संबळ आणि तुणतुणें परकें नाहीं. पेटी, तबला किंवा पखवाज घ्यावयाचा झाला तर सोबत येऊन चार वाद्यें वाजवून पाहणारा, त्यांतलें एक बाजूला काढून “हें घ्या” असें निर्धास्तपणें सांगणारा कोणी वडीलधारा आळींतच भेटतो. वा-पेडलाच्या बाबतींत तशी सोय नाहीं. लहान शहरांतील दुकानांत तें सहसा मांडलेलें नसतें. चित्र पाहून मागवावें लागतें आणि पार्सल उघडेपर्यंत त्याचा आवाज कानीं पडत नाहीं. त्यांतून किंमत अशी कीं, शिकाऊ मुलाच्या गिटारीच्या किंमतीशीं तिची सहज बरोबरी व्हावी. अशा वेळीं घरांतील वडील माणसें गोंधळून जातात, आणि मूल चित्रावरच्या मोठ्या नांवाला भुलतें.

लातूरमधील एक सुशिक्षित कुटुंब डोळ्यांसमोर आणावें. वडील बँकेंत नोकरीला, आई शिक्षिका आणि मुलगी बारावीच्या वर्षांत. ज्या शहराच्या अभ्यासाची शिस्त ‘लातूर पॅटर्न’ ह्या नांवानें महाराष्ट्रभर गाजली, त्या शहरांत बारावीचें वर्ष म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. पहाटे शिकवणी, दुपारीं महाविद्यालय, सायंकाळीं सराव-परीक्षा, आणि रात्रीं जेवणानंतरचा अर्धा तास काय तो गिटारीचा. आजीनें दिलेले आणि दोन-तीन वाढदिवसांना जमलेले पैसे मुलीनें पेडलासाठीं राखून ठेवले होते. वडिलांनीं शांतपणें विचारलें, “हें नसलें तर गिटार वाजत नाहीं का?”

मुलगी म्हणाली, “वाजते, बाबा. पण तोंड मिटून गाणाऱ्या माणसासारखी वाजते.”

वडिलांना उत्तर आवडलें. पण त्यांनीं तें दाखविलें नाहीं. ते म्हणाले, “नांदेडच्या मामाला विचार. तो म्हणेल तें घेऊं. मात्र पैसे एकदांच खर्च होतील. चुकलें तर दुसरें मिळणार नाहीं. आणि चुकलेलें कोपऱ्यांत धूळ खात पडलें, तर पुढच्या वेळीं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणें मला जड जाईल.”

ह्या शेवटच्या वाक्यानें खरेदीचें स्वरूपच पालटलें. आतां प्रश्न पेडलापुरता राहिला नाहीं. मुलीच्या पारखेचा झाला.

दिवाळीच्या सुटींत गिटार पाठीला लावून मुलगी अहमदपूर-लोहा मार्गानें एसटीनें नांदेडला गेली. मामांचें तेथें पुष्कळ वर्षांपासून रेडिओ आणि ध्वनिवर्धक दुरुस्तीचें दुकान. भजनी मंडळांचे, लग्नांतील वाजंत्र्यांचे आणि महाविद्यालयीन पोरांच्या वाद्यवृंदांचे बिघडलेले अँप त्यांच्या टेबलावर येऊन पडावयाचे. मुलीनें मोबाइलवरचें चित्र पुढें केलें. पेडल देखणें होतें आणि त्यावर एका जगप्रसिद्ध वादकाची सही होती. मामांनीं चित्राकडे क्षणभर पाहिलें आणि विचारलें, “बेटा, स्वागत ह्या शब्दाचा विग्रह कर.”

मुलगी चकित झाली. पण उत्तर पाठ होतें. “सु अधिक आगत.”

“म्हणजे उ आणि आ एकत्र आले कीं काय होतें?”

“वा होतो.”

“मग तुझें पेडल दुसरें काय करतें? टाच खालीं असतां उ, चवडा खालीं गेला कीं आ. आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत जातांना मध्यें जो होतो तो वा. सगळी परीक्षा एवढ्यावर घ्यायची. ज्याचा उ स्वच्छ, आ स्वच्छ, आणि मधला संधि तुझ्या पायाच्या ताब्यांत, तें पेडल चांगलें. सही कुणाची आहे तें मग पाहूं.”

मराठी भाषेंत ‘स्वर’ ह्या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. वर्णमालेंतील अ, आ, इ, ई हे स्वर, आणि सप्तकांतील सा, रे, ग, म हेही स्वरच. गायकाला हे दोन्ही स्वर एकाच वेळीं सांभाळावे लागतात. ‘सा’ न हलवितां त्याच उंचीवर त्याला ‘आ’ म्हणतां येतो आणि ‘ऊ’ही म्हणतां येतो. साध्या गिटारीला एकच तोंड असतें. तिला सूर बदलतां येतो, उच्चार बदलतां येत नाहीं. वा-पेडल तिला तो दुसरा स्वर देतें.

हें घडतें कसें, तें समजून घेतल्यास निवड सोपी होते. कोणतीही तार छेडली असतां तिच्यांतून एकच कंप निघत नाहीं. गिटारीची पांचवी तार सेकंदाला 110 कंपनें करते. परंतु त्याच वेळीं 220, 330, 440, 550 अशा तिच्या पटींचे उपसूरही तींत मिसळलेले असतात. ह्या उपसुरांच्या प्रमाणावर आवाजाचा रंग ठरतो. मनुष्याचें तोंड हेंच काम करतें. कंठांतून निघालेल्या आवाजांतील कांहीं उपसूर तोंडाच्या पोकळींत घुमून मोठे होतात आणि बाकीचे दबतात. ‘ऊ’ म्हणतांना ओठ मिटत आलेले असतात, तेव्हां सुमारें 300 आणि 800 कंपनांच्या आसपासचे उपसूर उठून दिसतात. ‘आ’ म्हणतांना जबडा उघडतो आणि तीच जागा सुमारें 700 आणि 1,200 पर्यंत वर सरकते. वा-पेडलांत तारेचें एक वेटोळें, कांहीं कंडेन्सर, दोन ट्रान्झिस्टर आणि एक फिरता रोध असतो. रेडिओचा आवाज कमीअधिक करणारें जें बटण, त्याच जातीचा हा रोध. दुरुस्तीवाले त्याला ‘पॉट’ म्हणतात. पाऊल पुढेंमागें झालें कीं एक दंतपट्टी ह्या पॉटला फिरविते, आणि उपसुरांतील फुगवटा सुमारें 400 कंपनांपासून 2,000 च्या आसपासपर्यंत वरखालीं सरकतो. म्हणजे टाचेकडे असतां 110 च्या तारेचा चौथा उपसूर पुढें येतो, आणि चवड्याकडे जातां जातां सोळाव्यापर्यंत मजल जाते. सूर तोच राहतो. त्याचें तोंड उघडतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आराधी मंडळींच्या चौंडक्याची तार ताणली कीं स्वर चढतो, सैल सोडली कीं उतरतो. डग्ग्यावर तळहात सरकविला असतांही तसेंच होतें. तेथें स्वराची उंची बदलते. वा-पेडल उंचीला हात लावीत नाहीं. त्याचें खरें नातें आहे तें तंबोऱ्याच्या जवारीशीं. घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा किंचित् सरकविला कीं तंबोऱ्याचा ‘सा’ तोच राहतो, पण त्याचा रंग उजळतो. आणि त्याहून जवळचें नातें आहे मोरचंगाशीं. तो दांतांशीं धरून वाजविणारा मनुष्य आपल्याच तोंडाची पोकळी लहानमोठी करून एका पोलादी जिभेकडून नाना उच्चार काढून घेतो. म्हणून वा-पेडल पश्चिमेकडून आलें असलें तरी त्यामागची कल्पना भारतीय कानाला परकी नाहीं.

त्याच्या जन्माची हकीकतही बोधप्रद आहे. 1966 सालीं कॅलिफोर्नियांतील थॉमस ऑर्गन कंपनींत ब्रॅड प्लंकेट नांवाचा तरुण अभियंता व्हॉक्स ध्वनिवर्धकांतील एक महाग, टप्प्याटप्प्यानें फिरणारा स्विच काढून त्याच्या जागीं स्वस्त फिरता रोध बसविण्याच्या खटपटींत होता. खर्च वांचविणें एवढाच हेतु. रोध फिरवितांना त्यांतून हा चमत्कारिक आवाज निघाला, आणि मग तें मंडल ऑर्गनच्या आवाज-पेडलाच्या पेटींत बसविण्यांत आलें. डेल कॅशर ह्या गिटारवादकाला त्याचें गिटारीकरितां असलेलें मोल प्रथम उमगलें. कंपनीच्या चालकांना मात्र तें फुंकून वाजविण्याच्या वाद्यांसाठीं योग्य वाटत होतें. त्यामुळें 1967 सालीं तें बाजारांत आलें तें क्लाइड मॅकॉय ह्या ट्रंपेटवादकाच्या नांवानें. ह्या मॅकॉयनें 1931 सालीं ‘शुगर ब्लूज’ ह्या ध्वनिमुद्रिकेंत ट्रंपेटच्या तोंडाशीं झांकण हलवून असाच ‘वा-वा’ ध्वनि काढून नांव मिळविलें होतें. पुढें 1968 सालीं जिमी हेंड्रिक्सनें ‘व्हूडू चाइल्ड’च्या आरंभीं दाबलेल्या तारांवर हें पेडल चालवून गिटारीकडून तालवाद्याचें काम करून घेतलें, आणि 1971 सालीं ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या संगीतांत चार्ल्स पिट्स ह्यांच्या गिटारीनें तो आवाज जगभर पोहोंचविला. त्याच दशकांत मुंबईच्या चित्रपटसंगीतांतही हा रंग दिसूं लागला.

मामांनीं ही हकीकत भाचीला सांगितली ती एवढ्यासाठींच कीं, पहिल्या गाजलेल्या गिटार-पेडलावर ज्याचें नांव होतें, तो मनुष्य ट्रंपेट वाजवीत असे. “नांव विकण्यासाठीं असतें, बेटा,” ते म्हणाले, “वाजवण्यासाठीं पाय असतो.”

मग निवड कशी करावी? मामांच्या ओळखीच्या महाविद्यालयीन वादकांकडून तीन पेडलें एका दिवसापुरतीं मागून आणलीं गेलीं. एक चित्रांतल्याच जातीचें, सहीचें. दुसरें प्रकाशावर चालणारें. आणि तिसरें जुनें, कोपरे झिजलेलें, ज्याच्या आंतून खरखर येत होती. त्या तिघांची जी परीक्षा झाली, तिचा क्रम कोणत्याही घराला उपयोगी पडेल असा आहे.

पहिली कसोटी उच्चाराची. एकच तार छेडून पाऊल पूर्ण टाचेवर ठेवावें आणि ऐकावें. ‘ऊ’ स्पष्ट ऐकूं येतो कीं नुसताच चिखलासारखा गढूळ आवाज येतो? मग पाऊल पूर्ण चवड्यावर न्यावें. ‘आ’ मोकळा उघडतो कीं कानाला टोंचणारी किंकाळी होते? मनुष्याच्या तोंडांत एकाहून अधिक फुगवटे असतात, पेडलांत बहुधा एकच. म्हणून तें माणसासारखें हुबेहूब बोलेल अशी अपेक्षा करूं नये. परंतु दोन टोंकांचे दोन स्वर ओळखूं यावेत, एवढा आग्रह धरणें योग्य आहे. ही परीक्षा स्वतःच्या गिटारीवर आणि स्वतःच्या अँपवरच घ्यावी. गिटारीचे पिक-अप तीक्ष्ण आवाजाचे असतील तर चवड्याचें टोंक बोचूं लागतें. जाड आवाजाचे असतील तर टाचेचें टोंक घुसमटतें. दुकानदाराच्या भारी गिटारीवर गोड वाटलेलें पेडल घरीं येऊन निराळेंच बोलतें, ह्याचें कारण हें आहे.

दुसरी कसोटी संधीची. ‘ऊ’ आणि ‘आ’ ह्यांच्यामधला प्रवास पावलाच्या साऱ्या फेऱ्यांत सारखा वांटलेला आहे कीं एकाच ठिकाणीं कोंबलेला आहे, तें पाहावें. सहीच्या पेडलांत सगळा बदल चवड्याच्या शेवटच्या टप्प्यांत एकवटलेला होता. जलद ठेका धरणाऱ्या, पायांत जाड बूट घालून उभ्यानें वाजविणाऱ्या वादकाला तें सोयीचें. पण मुलीला एक लांब सूर धरून तो हळूहळू उघडावयाचा होता, आणि तिचें पाऊल त्या अरुंद जागेंत अडखळत होतें. ह्यांत पेडलाचा दोष नव्हता. तें दुसऱ्याच्या पायासाठीं केलेलें होतें, एवढेंच.

तिसरी कसोटी मौनाची. वा-पेडल सतत वाजवावयाचें साधन नव्हे. तें बराच वेळ बंद असतें. चवड्याखालीं एक स्विच असतो, तो जोरानें दाबला कीं पेडल चालू किंवा बंद होतें. बंद असतांना गिटारीचा मूळ आवाज जसाच्या तसा पुढें जावा. कांहीं जुन्या धर्तीच्या पेडलांत बंद असतांही गिटारीचा थोडासा अंश त्या मंडलाकडे ओढला जातो आणि आवाजाची धार बोथट होते. परीक्षा सोपी आहे. गिटारीची दोर आधीं सरळ अँपला लावून एक ओळ वाजवावी. नंतर बंद पेडलामधून तीच ओळ वाजवावी. दोहोंत फरक ऐकूं आला, तर तें पेडल न बोलतांही मध्यें बोलतें असें समजावें. ज्यांत हा दोष काढून टाकलेला असतो, त्याला विक्रेते ‘ट्रू बायपास’ म्हणतात. परंतु वेष्टनावरच्या शब्दापेक्षां कानाची साक्ष मोठी.

चौथी कसोटी पावलाची, आणि ही परदेशी पुस्तकांत फारशी आढळत नाहीं. नांदेड-लातूरच्या घरांत वाद्याचा सराव अनवाणी होतो, आणि पुष्कळदां पलंगाच्या कडेवर बसून. जडशीळ बुटासाठीं बसविलेला ताठ स्विच अनवाणी चवड्यानें दाबतां दाबतां बोट दुखूं लागतें, आणि दुखणारें साधन कोपऱ्यांत जातें. म्हणून पेडल जसें वाजवावयाचें तसेंच तपासावें. अनवाणी, बसून आणि उभ्यानें. झुलणारी फळी फार सैल असेल तर पाऊल उचलतांच ती खालीं पडते. फार घट्ट असेल तर पोटरी भरून येते. बहुतेक पेडलांत ती घट्ट-सैल करण्याचा स्क्रू असतो. तो आहे ना, एवढें खात्रीनें पाहावें. फरशीवर पेडल घसरूं नये म्हणून तळाला रबर असावें.

प्रकाशावर चालणारें पेडल ह्या कसोटीला मनोरंजक ठरलें. त्यांत पॉट नसतो. पावलाच्या हालचालीनें एक झडप सरकते आणि आंतील दिव्याचा प्रकाश कमीअधिक होऊन फुगवटा हलतो. घासणारा भागच नसल्यामुळें खरखर होण्याचें भय नाहीं, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यांतील धुळीपुढें हा मोठाच गुण. त्याच्या कांहीं जातींत स्विचही नसतो. पाऊल ठेवलें कीं चालू, उचललें कीं स्प्रिंगच्या जोरानें बंद. परंतु त्यामुळें पाऊल एका जागीं स्थिर ठेवून, अर्धवट उघडलेला एकच उच्चार धरून वाजविण्याची कांहींची संवय असते, तिला पाय अवघडतो. मुलीला नेमकी तीच संवय होती. ह्याशिवाय पाऊल न वापरतां तारेवरच्या आघाताच्या जोरावर आपोआप उघडमीट करणारीं यंत्रेंही आहेत. 1972 सालचें म्यू-ट्रॉन हें त्यांतलें प्रसिद्ध. ज्याला पायाकडे लक्ष देणें जमत नाहीं, त्याला तीं बरीं; पण तेथें उच्चार हाताच्या जोराशीं बांधलेला राहतो, वादकाच्या मर्जीशीं नव्हे.

पांचवी कसोटी विजेची आणि दुरुस्तीची. बहुतेक वा-पेडलें 9 व्होल्टवर चालतात आणि वीज फारच थोडी खातात. चौकोनी 9 व्होल्ट बॅटरी आंत बसत असेल तर वीज गेली असतांही, बॅटरीवर चालणारा लहान अँप जवळ असल्यास, सराव अडत नाहीं. मात्र गिटारीची दोर पेडलांत खोंचलेली राहिली तर पुष्कळ पेडलांतील बॅटरी रात्रभर झिजत राहते. सराव संपला कीं दोर काढून ठेवण्याचें वळण मुलांना लावावें. अडॅप्टर घेतांना त्याच्या टोंकाचा धन-ऋण क्रम पेडलावर छापलेल्या चिन्हाशीं ताडून पाहावा; सामान्यतः मधला भाग ऋण असतो, पण ‘सामान्यतः’ ह्या शब्दावर यंत्र सोपवूं नये. तळाचे स्क्रू उघडणारे असावेत आणि आंतील पॉट बदलतां येण्याजोगा असावा. ज्या शहरांत विक्रेत्याचें दुरुस्ती-केंद्र नाहीं, तेथें शेजारचा रेडिओवाला ज्याला हात घालूं शकेल तेंच यंत्र खरें टिकाऊ.

जोडणीचाही एक प्रश्न येतो. गिटारीचा आवाज फाडून जाड करणारें दुसरें पेडल जवळ असेल, तर वा-पेडल त्याच्या अगोदर लावावें कीं नंतर? अगोदर लावल्यास उच्चार मनुष्याच्या बोलण्याजवळचा राहतो. नंतर लावल्यास तोच उच्चार रुंद आणि नाट्यमय होतो, जणु वादळाला तोंड फुटावें. दोन्ही क्रम घरीं लावून पाहतां येतात. त्याला पैसे पडत नाहींत. मात्र ‘फझ’ नांवाच्या जुन्या धर्तीच्या कांहीं पेडलांशीं वा-पेडलाचें सहसा पटत नाहीं आणि शिट्ट्या ऐकूं येतात. म्हणून घरांत आधींचें पेडल असेल तर परीक्षेच्या वेळीं तेंही बरोबर न्यावें.

आतां तिसऱ्या, जुन्या पेडलाची गोष्ट. त्याचा ‘ऊ’ स्वच्छ होता, ‘आ’ मोकळा होता, मधला प्रवास लांब आणि समान होता. फक्त फळी हलतांच खरखर ऐकूं येई. मामांनीं तळ उघडून दाखविलें. बॅटरी गळल्याची हिरवट खूण कोठें नव्हती, तांब्याच्या रेषा शाबूत होत्या, दंतपट्टीचे दांत झिजलेले नव्हते. दोष एकट्या पॉटचा होता. तो बदलला, आणि नवा पॉट बसवितांना मामांनीं आणखी एक गोष्ट केली. दंतपट्टींत पॉटचें चाक एक-दोन दांत पुढेंमागें बसवितां येतें. त्यायोगें फुगवट्याचा प्रवास थोडा खालून किंवा थोडा वरून सुरू होतो. त्यांनीं भाचीला वाजवावयास लावलें, चाक सरकविलें, पुन्हां वाजवावयास लावलें. चौथ्या खेपेला ती वाजवितां वाजवितां थांबली आणि म्हणाली, “मामा, हें माझ्या आवाजासारखें बोलतंय.”

ह्या प्रसंगीं मिरजेचें स्मरण होणें साहजिक आहे. पूर्वीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गावरची गाडी मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शी अशी लातूरपर्यंत येत असे. त्या मिरजेचे सतार आणि तंबोरे पिढ्यान् पिढ्या देशभर जातात. 2024 सालीं त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथील कारागीर गायकाच्या गळ्याचा धर्म पाहून तंबोरा देतो. पुरुषाच्या आवाजाचा निराळा, स्त्रीच्या आवाजाचा निराळा. आणि जवारी काढतांना घेणाऱ्याचा कान काय म्हणतो तें विचारतो. वाद्य कितीही नामांकित असो, तें घेणाऱ्याच्या गळ्याला लागल्याशिवाय निवड पुरी झाली असें तो मानीत नाहीं. नांदेडच्या दुकानांत डाग देण्याच्या यंत्राच्या धुरांत घडलें तें ह्याहून वेगळें नव्हतें.

जुनें तेंच सोनें, असा निष्कर्ष मात्र येथें काढूं नये. जुनें पेडल घेतांना तें उघडून पाहणारा जाणता मनुष्य जवळ नसेल, तर नवें घेणेंच शहाणपणाचें. आणि पार्सलानें मागवावयाचें असल्यास परत पाठविण्याची मुदत किती दिवसांची आहे तें आधीं वाचावें आणि त्या मुदतींत वरील पांचही कसोट्या पुऱ्या कराव्या. पहिल्या दिवशींच्या आनंदांत कान नीट चालत नाहींत. म्हणून दोन दिवस वाजवून, एक दिवस बाजूला ठेवून, पुन्हां वाजवावें. तिसऱ्या दिवशींही ‘ऊ’ आणि ‘आ’ स्वच्छ वाटले तर ठेवावें.

मुलगी लातूरला परतली. मूळ मालकाला पेडलाचे आणि मामांच्या आग्रहाविरुद्ध मामांना पॉटचे पैसे देऊनही आजीच्या रकमेंतला बराच भाग उरला होता. तो तिनें वडिलांच्या हातावर ठेवला. वडिलांनीं झिजलेल्या कोपऱ्यांचें तें पेडल उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें, “सहीचें घेणार होतीस ना?”

“तें चांगलंच होतं, बाबा. पण तें माझ्या पायाला लागत नव्हतं,” ती म्हणाली, आणि कां लागत नव्हतें तें तिनें समजावून सांगितलें; टाच, चवडा, मधला संधि, सारें. वडिलांना त्यांतलें निम्मेंच कळलें असेल. पण आपली मुलगी एखादी वस्तु कां नाकारावी हें सकारण सांगूं शकते, हें त्यांना पुरतें कळलें. त्यांनीं पैसे परत तिच्याच हातांत दिले.

त्या रात्रीं जेवणानंतरच्या अर्ध्या तासांत शेजारच्या खोलींतून एकच लांब सूर आला. आधीं ओठ मिटलेला, मग हळूहळू उघडत गेलेला. स्वयंपाकघरांतून आई म्हणाली, “आज तुझी गिटार काय म्हणतीय गं?” अर्धा तास संपल्यावर दोर काढून ठेवल्याचा आवाज आला, आणि टेबलावर रसायनशास्त्राचें पुस्तक उघडलें गेलें.

घरांत वाद्य येतें तेव्हां त्याच्याबरोबर पारख येते कीं नाहीं, हें पाहणें वडील माणसांचें काम आहे. मुलानें मागितलेली वस्तु लगेच देऊं नये आणि लगेच नाकारूंही नये. तिची परीक्षा घ्यावयास त्याला शिकवावें. वा-पेडलाची परीक्षा पाटीवर लिहितां येईल इतकी थोडक्यांत सांगतां येते: दोन टोंकांचे दोन स्वर स्वच्छ असावेत, मधला संधि आपल्या पायाच्या ताब्यांत असावा, बंद असतांना त्यानें गप्प राहावें, अनवाणी पावलाला तें दुखूं नये, आणि बिघडलें तर गांवांत दुरुस्त व्हावें. इतकें जमलें म्हणजे ‘वा’ कोणी म्हणावयाचा, वाद्यानें कीं श्रोत्यानें, हा प्रश्न उरत नाहीं, दोघेही म्हणतात.